पाच जुलैचं भाषण

चार जुलैला तुम्ही आतषबाजी बघायला जाता ना? मग फ्रेडरिक डग्लस यांची ही गोष्ट वाचा.

ते मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. बाल्टिमोरला मालकिणीने अक्षरं शिकवली, पण मालकाने ते बंद पाडलं. हा मुलगा कसला ऐकतोय! गल्लीतल्या गोऱ्या मुलांना पाव द्यायचा आणि त्यांच्याकडून वाचायला शिकायचा. १८३८ मध्ये खलाशाचे कपडे घालून, दुसऱ्याचे कागद दाखवून ते आगगाडीने उत्तरेकडे पळाले.

आपल्यासारखा स्वतंत्र देश जगात नाही, असं अमेरिकन लोक अभिमानाने म्हणत. १८५२ साली रॉचेस्टर शहरात स्वातंत्र्यदिनानिमित्त डग्लस यांना बोलायला बोलावलं. ते पाच जुलैला बोलले. आधी देश घडवणाऱ्यांची स्तुती केली. मग सरळ विचारलं, की गुलामांनी हा सण कशासाठी साजरा करायचा? तेव्हा दक्षिणेत तीस लाखांहून जास्त माणसं गुलाम होती.