आयलीन ग्रे : माणिकबागेतील आरामखुर्चीची निर्माती

इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी माणिकबाग राजवाड्याचे काम जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडे सोपविले. राजवाड्यासाठी युरोपातील नव्या शैलीचे फर्निचर मागविण्यात आले. त्यात ‘ट्रान्झॅट’ नावाची एक आरामखुर्ची होती. तिच्यावर कोरीवकाम नव्हते की सोन्याचा मुलामा नव्हता. रोगण दिलेली सरळ लाकडी चौकट, सांध्यांना चकचकीत धातूचे जोड, मध्ये झोळीसारखी टांगलेली बैठक आणि मागेपुढे कलणारी उशी, इतकेच तिचे रूप होते. अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या जहाजांच्या डेकवरील खुर्च्यांवरून तिला हे नाव मिळाले. राजवाड्यासाठी अशी खुर्ची निवडावी, यातच त्या तरुण महाराजांची दृष्टी दिसून येते.

या खुर्चीच्या निर्मात्या आयलीन ग्रे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८७८ रोजी आयर्लंडमधील एनिस्कॉर्थी गावाजवळ एका सधन कुटुंबात झाला. वडील चित्रकार होते. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिक्षण घेतल्यावर त्या पॅरिसला गेल्या आणि पुढे आयुष्याचा बहुतेक काळ फ्रान्समध्येच राहिल्या. पॅरिसमध्ये सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडून त्यांनी रोगणकामाची विद्या आत्मसात केली. आपल्याकडील लाखकामातील लाख किड्यांपासून मिळते. हे जपानी रोगण मात्र एका झाडाच्या चिकापासून तयार होते. त्याचे अनेक थर एकावर एक द्यावे लागतात आणि प्रत्येक थर वाळवून घासावा लागतो. या चिकाने ग्रे यांच्या हातांवर पुरळ उठत असे, तरी त्यांनी हे काम सोडले नाही.

१९२२ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये दुकान उघडले आणि त्याला ‘ज्याँ देझेर’ असे पुरुषी नाव दिले. या नावाचा कोणीही मालक अस्तित्वात नव्हता. स्त्रीने चालविलेल्या अशा दुकानाकडे त्या काळी कोणत्या नजरेने पाहिले जाई, याची कल्पना यावरून येऊ शकते.

वास्तुकलेचे रीतसर शिक्षण नसतानाही १९२६ ते १९२९ या काळात त्यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून येथे समुद्राकाठी एक घर बांधले. घराचे नाव ‘ई-१०२७’. हे नाव म्हणजे एक कोडेच होते. ‘ई’ म्हणजे आयलीन; दहा, दोन आणि सात हे अंक म्हणजे इंग्रजी वर्णमालेतील जे, बी आणि जी ही अक्षरे. जे आणि बी ही त्यांचे स्नेही, वास्तुविषयक नियतकालिकाचे संपादक ज्याँ बादोविची यांची आद्याक्षरे होती, तर जी हे ग्रे यांचे. ट्रान्झॅट खुर्ची याच घरात होती आणि १९३० मध्ये तिचे पेटंटही ग्रे यांना मिळाले. मात्र तिचे मोजकेच नग तयार झाले. त्यांपैकी एक इंदूरला पोहोचला.

ग्रे यांच्यावरील खरा अन्याय या घराबाबत झाला. घर बादोविची यांच्या नावावर होते. दोघे विभक्त झाल्यावर ग्रे यांनी ते सोडले. १९३८ आणि १९३९ मध्ये विख्यात वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी त्याच्या कोऱ्या भिंतींवर मोठी रंगीत चित्रे काढली. ग्रे यांची परवानगी घेण्यात आली नव्हती, आणि हा आपल्या कामाचा विध्वंस आहे, असे त्यांचे मत झाले. पुढे तर घराचे श्रेय कधी बादोविची यांना, तर कधी थेट ल कॉर्ब्युझिए यांना दिले जाऊ लागले. चंडीगडच्या या शिल्पकाराविषयी भारतीयांना वाटणारा आदर कायम ठेवूनही, त्यांचे हे वर्तन समर्थनीय ठरत नाही. १९६५ मध्ये याच घराजवळच्या समुद्रात पोहताना त्यांचा मृत्यू झाला.

दुसऱ्या महायुद्धात ग्रे यांना परदेशी नागरिक म्हणून किनारा सोडून आत जावे लागले. सँ त्रोपे येथील त्यांचे निवासस्थान आणि तेथील आराखडे युद्धात नष्ट झाले. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे त्यांचे नाव क्वचितच कोठे घेतले गेले.

१९६८ मध्ये वास्तुइतिहासकार जोसेफ रिक्वर्ट यांनी ‘डोमस’ या इटालियन नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला. १९७२ मध्ये पॅरिसमध्ये झाक दुसे यांच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्यात ग्रे यांनी १९१४ मध्ये घडविलेल्या रोगणाच्या पडद्याला मोठी किंमत आली आणि संग्राहक या विस्मृत कलावतीचा शोध घेऊ लागले. त्या वेळी ग्रे ९४ वर्षांच्या होत्या. १९७३ मध्ये लंडनमधील व्यावसायिक झीव्ह अराम यांच्याशी झालेल्या करारामुळे त्यांच्या फर्निचरचे नव्याने उत्पादन सुरू झाले. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी वयाच्या ९८ व्या वर्षी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

यशवंतराव होळकर १९६१ मध्ये निवर्तले होते. माणिकबागेतील फर्निचरचा लिलाव १९८० मध्ये मोनॅको येथे झाला आणि इंदूरसाठी घेतलेल्या वस्तू जगभर विखुरल्या. वास्तूत पुढे केंद्र सरकारचे कार्यालय आले. या संग्रहाचे मोठे प्रदर्शन २०१९ मध्ये भरले, तेही पॅरिसमध्ये.

२००९ मध्ये ग्रे यांची ‘ड्रॅगन’ खुर्ची पॅरिसच्या लिलावात सुमारे २ कोटी १९ लाख युरोंना विकली गेली. विसाव्या शतकातील फर्निचरसाठी तोवर मिळालेली ही सर्वाधिक किंमत होती. रोकब्रूनच्या घराची दुरुस्ती त्यानंतर बरीच वर्षे चालली आणि २०२१ मध्ये पूर्ण झाली. ल कॉर्ब्युझिए यांची बहुतेक भित्तिचित्रे तेथे अद्याप जतन केलेली आहेत.