हौशी मॉडेल विमानातून घडलेला ड्रोन

शिरूर आणि दौंड तालुक्यांत घोड आणि भीमेच्या पाण्यावर उसाचे मळे उभे आहेत. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरणे अवघड होते. पाने अंग कापतात आणि औषधाचा फवारा स्वतःच्याच नाकातोंडावर येतो. आता अशा शेतांवर फवारणीचे ड्रोन दिसू लागले आहेत. माणूस बांधावर उभा राहतो, विषारी फवाऱ्यात यंत्र जाते. जोखमीच्या जागी माणसाऐवजी छोटे, स्वस्त, बिनवैमानिकाचे विमान पाठवायचे, ही कल्पना कारखान्यात हजारोंच्या संख्येने उतरवणाऱ्यांत हॉलिवूडचा एक नट आघाडीवर होता. त्यांचे नाव रेजिनाल्ड डेनी.

डेनी यांचा जन्म २० नोव्हेंबर १८९१ रोजी इंग्लंडमधील रिचमंड येथे नाटकवाल्यांच्या घरात झाला. लहानपणापासून ते रंगभूमीवर वावरले. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले आणि तेथे त्यांनी विमानातून मारा करणाऱ्या तोफचीचे शिक्षण घेतले. युद्धानंतर अमेरिकेत मूकपटांतले विनोदी नायक म्हणून त्यांनी नाव कमावले. बोलपट आल्यावर ते चरित्र भूमिकांकडे वळले. हिचकॉक यांच्या १९४० सालच्या ‘रेबेका’मध्येही ते होते. आपल्याकडचा ‘कोहरा’ ज्या कथेवर बेतला, तोच हा चित्रपट.

विमानाचे वेड मात्र सुटले नव्हते. शेजारच्या एका मुलाचे मॉडेल विमान दुरुस्त करायला घेतले आणि तिथून हा छंद लागला, असे सांगतात. १९३४ मध्ये त्यांनी हॉलिवूड बुलेव्हार्डवर मॉडेल विमानांचे दुकान थाटले. पुढे ‘डेनीप्लेन’ हे मॉडेल आणि ‘डेनीमाइट’ हे त्याचे छोटे इंजिनही हौशी मंडळींसाठी विकायला आणले.

मॉडेल विमान मोठे करत नेले की काय बदलते, हे हा छंद करणाऱ्याला हाताने कळते. लांबी, रुंदी आणि जाडी दुप्पट केली की पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस इंचावर दुप्पट भार येतो आणि हवेत टिकण्यासाठी विमानाला सुमारे दीडपट वेगाने उडावे लागते. मोठे मॉडेल वाऱ्याच्या झोताने सहज डगमगत नाही आणि लांबूनही दिसते. पण ते कोसळले तर नुकसानही तितकेच मोठे. म्हणून मोठ्या मॉडेलच्या बाबतीत उडवण्याइतकाच सुखरूप उतरवण्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

त्या काळात लष्करापुढेही एक प्रश्न होता. विमानविरोधी तोफांच्या सरावासाठी एका विमानाच्या मागे लांब दोराने कापडी लक्ष्य बांधत आणि तोफची त्यावर नेम धरत. हे लक्ष्य संथपणे सरळ रेषेत जाई. खरे शत्रूचे विमान तसे उडत नाही. शिवाय नेम चुकला तर पुढच्या विमानातल्या वैमानिकाच्या जिवावर बेतण्याची भीती होती. ब्रिटनने १९३५ मध्ये ‘क्वीन बी’, म्हणजे राणी माशी, हे रेडिओवर चालणारे विमान आणले होते. त्यावरूनच पुढे नर मधमाशीसाठीचा ‘ड्रोन’ हा शब्द अशा विमानांना चिकटला, असे मानले जाते. पण क्वीन बी हे पूर्ण आकाराचे विमान होते. सरावात फोडून टाकण्यासाठी ते फार महाग.

डेनी यांचा विचार सोपा होता. पूर्ण आकाराचे विमान कशाला? मोठे मॉडेल पुरे. १९३५ मध्ये त्यांनी आपला पहिला नमुना अमेरिकी लष्कराला दाखवला. त्यातून लगेच काम मिळाले नाही. पुढची पाच वर्षे अभिनय चालू ठेवून ते आणि त्यांचे साथीदार नमुन्यामागून नमुना तयार करत राहिले. इंजिनाची बाजू वॉल्टर रायटर यांनी सांभाळली, तर रेडिओची केनेथ केस यांनी. १९४० मध्ये चौथ्या नमुन्याच्या जोरावर लष्कराचे कंत्राट मिळाले. त्या विमानाला लष्करी नाव मिळाले ओक्यू-२.

पंखांचा विस्तार सुमारे पावणेचार मीटर, वजन ४७ किलो, इंजिन सहा अश्वशक्तीचे. हे इंजिन जुन्या मोपेडसारखे टू-स्ट्रोक होते. वेग ताशी सुमारे १३७ किलोमीटर. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत ते आज ‘मध्यम’, म्हणजे २५ ते १५० किलोच्या गटात बसले असते. धावपट्टीची गरजच नव्हती. गलोलीसारख्या यंत्रणेने ते हवेत फेकले जाई. जमिनीवरचा चालक छोट्या दांडीने संदेश पाठवी आणि विमानातला रेडिओ त्यानुसार शेपटीकडचे भाग हलवून विमान वळवी, चढवी किंवा खाली आणी.

उतरण्याचा प्रश्न पॅराशूटने सोडवला. सराव संपला की चालक पॅराशूट उघडे आणि विमान अलगद खाली येई. गोळीने फार मोडले नसेल तर डागडुजी करून तेच पुन्हा उडवता येई. विमान फुटले तरी माणूस सुरक्षित राही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेनी यांच्या रेडिओप्लेन कंपनीने अशी जवळपास १५ हजार विमाने बनवली. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइज येथील या कारखान्यात अनेक स्त्रिया काम करत. युद्धाच्या अखेरच्या काळात लष्कराचा एक छायाचित्रकार तेथे आला आणि त्याने नॉर्मा जीन नावाच्या तरुण कामगार मुलीची छायाचित्रे काढली. तिथून ती मॉडेलिंगकडे वळली. पुढे जगाने तिला मॅरिलिन मन्रो म्हणून ओळखले.

१९५२ मध्ये नॉर्थ्रॉप या विमान कंपनीने रेडिओप्लेन विकत घेतली. डेनी अभिनय करतच राहिले. १९६६ च्या ‘बॅटमॅन’ या चित्रपटातही ते दिसले. १६ जून १९६७ रोजी, जिथे जन्म झाला त्याच रिचमंडमध्ये, त्यांचे निधन झाले.

दहा लिटर औषध घेऊन उसावरून फिरणाऱ्या ड्रोनला आज चार किंवा सहा पंखे असतात आणि उपग्रहाच्या मदतीने तो आपली वाट धरतो. रिमोटशी संपर्क तुटला तर तो आपणहून उड्डाणाच्या जागी परततो. उडवण्याआधीच उतरण्याची सोय करून ठेवायची, हा मॉडेल विमानवाल्यांचा जुना धडा त्यात अजून कायम आहे. दुकानातल्या मॉडेलपासून सुरुवात करणाऱ्या डेनी यांनी तो कारखान्यापर्यंत नेला.