ईश्वराची ठेव : महाराणी दुर्गावती

सत्ता व संपत्ती ही ईश्वराची ठेव आहे, याचा ज्याला विसर पडतो तो स्वतःसच ईश्वर मानू लागतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात वर्णिलेली आसुरी वृत्ती ती हीच. तिच्यातून लोभ, लोभातून जुलूम आणि जुलमातून विश्वासघात उपजतो. जबलपूरच्या भूमीने याची साक्ष पाहिली आहे.

चंदेल कुळातील दुर्गावती ही गढ्याचा गोंड राजा दलपतशाह याची राणी. इ. स. १५५० च्या सुमारास पती निवर्तला, तेव्हा पुत्र वीरनारायण अवघा पाच वर्षांचा होता. त्याच्या नावाने राणीने सुमारे पंधरा वर्षे राज्य सांभाळले. परंतु ते आपल्या उपभोगासाठी आहे असे मानले नाही. जबलपुरातील राणीताल तिचे, चेरीताल तिच्या दासीचे व आधारताल तिच्या दिवाणाचे, अशी परंपरा आहे. जेथे प्रजेच्या तहानेची चिंता स्वामिनीइतकीच दासीलाही वाटते, तेथे राज्य हे धर्मकार्यच होय. अकबराचा इतिहासकार अबुल फजल यानेही तिचे शौर्य व शासन वाखाणले आहे.

या वैभवाची वार्ता ऐकून कडा-माणिकपूरचा मोगल सुभेदार आसफखान याला लोभ सुटला. राणीने त्याची कोणतीही आगळीक केली नव्हती. तरी इ. स. १५६४ मध्ये त्याने स्वारी केली. नर्रईच्या घाटात पहिल्या दिवशी राणीची सरशी झाली. त्याच रात्री छापा घालण्याचा तिचा बेत सरदारांना मानवला नाही. दुसऱ्या दिवशी शत्रूच्या तोफा आल्या, पुत्र घायाळ झाला, सैन्य पांगले. दोन बाण लागूनही राणी हत्तीवरून लढत राहिली, आणि २४ जून रोजी शत्रूच्या हाती न पडता तिने प्राणार्पण केले.

पुढे चौरागड पडला, वीरनारायण कामास आला, अपार धन आसफखानाच्या हाती लागले. परंतु ज्याने परक्याचे लुटले तो धन्याचे तरी कसे राखील? लुटीतील हजार हत्तींपैकी केवळ दोनशे त्याने अकबराकडे धाडले. हिशेबाची वेळ येताच भयाने तो सुभा टाकून पळाला, व अखेर त्याच धन्याकडे त्याला क्षमा मागावी लागली.

राज्य थोड्यांच्याच वाट्यास येते. परंतु सेवकाचे वेतन, दुकानाचे माप आणि भावाचा वाटा प्रत्येक गृहस्थाच्या हाती असतो. ती ठेव ज्याची आहे, त्याचे स्मरण नित्य राहावे.