दिवेवाल्या बाईंची हिशेबाची वही

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका डोळ्यांपुढे येते. मैत्रिणींनो, याच बाई संख्याशास्त्रातही मोठ्या होत्या, हे मात्र आपल्याला फारसं कुणी सांगत नाही.

१२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात त्यांचा जन्म झाला, म्हणून नावही तेच. घर इंग्लंडमधलं, श्रीमंत. वडिलांनी मुलींना घरीच भाषा, इतिहास, गणित शिकवलं. फ्लॉरेन्सला आकड्यांचं वेडच! चालून आलेलं चांगलं स्थळ नाकारून तिने रुग्णसेवेचा हट्ट धरला, तेव्हा आई आणि बहीण किती रुसल्या असतील, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१८५४ मध्ये क्रिमियाचं युद्ध सुरू होतं. नोव्हेंबरमध्ये ३८ परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. तिथे घाण, उंदीर, तुंबलेली गटारं आणि नोंदींचा सगळा गोंधळ. किती मेले, कशाने मेले, याचा धड हिशेब नाही. बाईंनी स्वयंपाक, कपडे, बिछाने यांची घडी बसवली. तरीही मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दर शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ दगावत होते. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या स्वच्छता पथकाने गटारं उपसली, हवा खेळती केली, आणि उन्हाळ्यात हाच आकडा शंभरात दोनच्या आसपास आला.

१८५६ मध्ये परतल्यावर त्या विल्यम फार या सरकारी संख्याशास्त्रज्ञाबरोबर हिशेबाला बसल्या. युद्धात गेलेल्या सुमारे १८ हजार सैनिकांपैकी १६ हजारांहून अधिक रोगाने गेले होते, शत्रूच्या हाताने नव्हे. आपण राबत होतो त्याच इस्पितळात मृत्यूचं प्रमाण सर्वांत वाईट होतं, हेही आकड्यांतून समोर आलं. साऱ्या देशाने देवी मानलेल्या बाईला हे किती बोचलं असेल! पण त्यांनी ते झाकलं नाही.

इथे 'प्रमाण' म्हणजे काय ते बघूया. समजा एका गावात २०० घरं आणि काविळीचे ६ रुग्ण, शेजारच्या वाडीत ५० घरं आणि ४ रुग्ण. नुसते आकडे पाहिले तर गावच वाईट वाटतं. पण शंभर घरांमागे काढलं तर गावात ३ आणि वाडीत ८. पाणी आधी कुठलं तपासायचं, ते लगेच कळतं. बचत गटाच्या बैठकीत मी हे खडूने फळ्यावर मांडते. शाळा अर्धी सोडलेल्या बायकांनाही ते पटकन समजतं. बाईंनीही तेच केलं. युद्ध नसताना बराकीत राहणारे तरुण शिपाई आणि त्याच वयाचे साधे नागरिक, यांचे मृत्यू दर हजारी मोजून शेजारी ठेवले. शिपाई तर धडधाकट पाहूनच भरती केलेले, तरी त्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं! वय सारखं घेतलं होतं, म्हणूनच ही तुलना टिकली.

आकड्यांचे रकाने मंत्री वाचणार नाहीत, हे त्या ओळखून होत्या. म्हणून १८५८ मध्ये त्यांनी गोल चित्र काढलं. वर्षाचे बारा महिने म्हणजे बारा पाकळ्या. जितके मृत्यू जास्त, तितकं पाकळीचं क्षेत्रफळ मोठं. टाळता येणारे रोग निळ्या रंगात, जखमांनी झालेले मृत्यू लाल रंगात, बाकीची कारणं काळ्यात. निळा रंग इतका पसरलेला की लाल शोधावा लागतो. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं. त्या तिथल्या पहिल्या स्त्री सभासद.

पुढची कित्येक वर्षं आजारपणाने त्यांना बहुधा खोलीतच काढावी लागली. काम मात्र थांबलं नाही. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत, पण इथल्या लष्करी छावण्यांना छापील प्रश्न पाठवून माहिती गोळा करवली. १८६३ च्या अहवालात इथल्या ब्रिटिश शिपायांचा मृत्युदर वर्षाला दर हजारी ६९ निघाला. कारणं तीच, पाणी आणि गटारं. मग त्यांचं लक्ष शिपायांवरून खेड्यांकडे गेलं. गावच्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. सत्तरी उलटल्यावरही हिंदुस्थानातल्या खेड्यांच्या आरोग्याविषयी त्यांचं लिहिणं चालूच होतं. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, लंडनच्या घरी त्या गेल्या.