हॉटेलातून काढून टाकलेला शेतकऱ्याचा पोरगा झाला हॉटेलवाल्यांचा राजा

घरात तेरा भावंडं, त्यात हा शेवटचा. वडील शेतकरी, जोडीला गावचा कारभारही बघायचे. स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या नीडरवाल्ड नावाच्या छोट्या गावात 1850 साली सेझार रिट्झ यांचा जन्म झाला. आज जगात 'रिट्झ' म्हटलं की उंची हॉटेल डोळ्यांसमोर येतं, ते याच माणसामुळे.

पंधराव्या वर्षी वडिलांनी त्यांना जवळच्या ब्रिग गावातल्या हॉटेलात काम शिकायला लावलं. मात्र थोड्याच दिवसांत मालकाने काढून टाकलं. हॉटेलच्या धंद्याला लागणारी समज या पोरात नाही, असं त्याचं मत पडलं.

दुसरा कोणी असता तर गावी परतला असता. रिट्झ 1867 मध्ये पॅरिसला गेले. तिथे मोठं प्रदर्शन भरलं होतं, हॉटेलांना माणसं हवी होती. पडेल ते काम केलं, वेटर झाले. पुढे नामांकित व्हॉइझिन रेस्टॉरंटात बड्या लोकांना वाढता वाढता ते एक गोष्ट शिकले. कोणाला काय आवडतं, कोण कुठे बसतं, हे ध्यानात ठेवायचं. गिऱ्हाईकाने मागायच्या आधी वस्तू समोर हजर पाहिजे.

रिगी डोंगरावरच्या हॉटेलची एक गोष्ट सांगितली जाते. कडाक्याची थंडी, त्यात खोल्या गरम करायची यंत्रणा बंद पडली आणि पाहुण्यांचा मोठा जथा वाटेवर. रिट्झ यांनी जेवणाची टेबलं लहान खोलीत हलवली, विटा तापवून कापडात गुंडाळल्या आणि प्रत्येकाच्या पायाखाली दिल्या. पाहुणे खूश!

वयाच्या अठ्ठाविशीच्या आसपास ते लुसर्नच्या मोठ्या हॉटेलचे मॅनेजर झाले. पुढे ऑग्युस्त एस्कॉफिए या नामवंत आचाऱ्याची साथ मिळाली. 1890 च्या सुमारास दोघांनी लंडनचं सॅव्हॉय हॉटेल नावारूपाला आणलं. पण 1898 मध्ये हिशोबातल्या गैरव्यवहाराचा ठपका ठेवून दोघांनाही तिथून काढण्यात आलं. नावाला डाग लागला.

त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसचं रिट्झ हॉटेल सुरू झालं. खोलीला लागूनच न्हाणीघर, विजेचे दिवे, टेलिफोन. त्या काळी ही नवलाईच होती. स्वच्छतेचा त्यांना भारी सोस.

या धावपळीची किंमतही मोजावी लागली. 1902 मध्ये इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक होता. लंडनच्या कार्लटन हॉटेलात रिट्झ यांनी जंगी तयारी केली होती. ऐनवेळी राजावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली आणि सोहळा पुढे ढकलला. रिट्झ यांनी ते इतकं मनाला लावून घेतलं की ते कोसळलेच. त्या आजारातून ते पुरते बरे झालेच नाहीत. पॅरिसच्या हॉटेलची धुरा पत्नी मारी-लुईझ यांनी पेलली. ऑक्टोबर 1918 मध्ये रिट्झ यांचं निधन झालं.

हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून पहिल्याच दिवशी हातात ट्रे आला म्हणून आपल्याकडची कितीतरी पोरं नाराज होतात. ज्याच्या नावाने जगभर हॉटेलं चालतात, त्या माणसाची सुरुवातही ट्रेपासूनच झाली होती. मात्र कामापायी तब्येत जाऊ द्यायची नाही, हेही त्याच्याकडूनच शिकावं.