रॉबिन डे : वकिलीकडून वृत्तनिवेदनाकडे

दूरचित्रवाणीवर एखाद्या मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारला गेला, तर आज कोणास नवल वाटत नाही. १९५५ पूर्वीच्या ब्रिटनमध्ये मात्र अशा प्रश्नाची कल्पनाही कठीण होती. बीबीसीचा वृत्तनिवेदक तोपर्यंत पडद्यावर दिसत नसे. चित्रांमागून केवळ त्याचा आवाज ऐकू येई. संसदेत पुढील पंधरवड्यात ज्या विषयावर चर्चा व्हावयाची असेल, त्याची प्रसारणात चर्चा करू नये, असाही नियम होता. मुलाखतकाराने अदबीने विचारावे आणि मंत्र्याने आपणास सोयीचे तेवढे सांगावे, अशी एकंदर रीत होती. ही रीत मोडणाऱ्यांत रॉबिन डे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मुलाखत या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना त्यांचे चरित्र पाहावयाचे, ते याच कारणासाठी.

डे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२३ रोजी लंडनमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी तोफखान्यात नोकरी केली. त्यामुळे १९४७ मध्ये ते ऑक्सफर्डला कायद्याच्या अभ्यासासाठी दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय चोविशीच्या घरात होते. अभ्यासापेक्षा ते रमले ते वादसभेत. ऑक्सफर्ड युनियन ही विद्यार्थ्यांची वादसभा म्हणजे भावी मंत्र्यांची तालीमच समजली जाई. १९५० मध्ये डे तिचे अध्यक्ष झाले. १९५२ मध्ये ते मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले. परंतु वकिली त्यांनी फार काळ केली नाही. वॉशिंग्टनमधील ब्रिटिश माहिती कार्यालयात काही काळ आणि नंतर बीबीसीच्या नभोवाणी विभागात अल्पकाळ, अशी त्यांची उमेदवारी चालू राहिली. तिशी उलटलेल्या या बॅरिस्टराचे पुढे काय होणार, हे त्या वेळी कोणी सांगू शकले नसते.

सप्टेंबर १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये व्यापारी दूरचित्रवाणी सुरू झाली. तिच्यासाठी बातम्या पुरविणाऱ्या आयटीएन या संस्थेने ख्रिस्तोफर चॅटवे हे नामवंत धावपटू आणि डे अशा दोन नवख्यांना निवेदक म्हणून घेतले. या निवेदकांनी बातमी नुसती वाचावयाची नव्हती. तिची मांडणी करण्यातही त्यांचा हात असे, आणि ती प्रेक्षकांकडे पाहून सांगावयाची असे. जाड काळ्या चौकटीचा चष्मा, गळ्याशी बो टाय आणि काहीशी उग्र मुद्रा, असे डे यांचे रूप होते. देखणेपणावर निवड झाली असती, तर ते मागे पडले असते. त्यांचे बळ प्रश्नात होते. उलटतपासणीत वकील साक्षीदाराला एका मुद्द्यावर स्थिर करतो आणि उत्तर मिळेपर्यंत तेथून हलू देत नाही. न्यायालयात फारसे न वापरलेले हे शस्त्र डे यांनी स्टुडिओत आणले.

१९५७ मध्ये त्यांनी कैरो येथे अध्यक्ष नासर यांची मुलाखत घेतली. सुएझवरील हल्ल्याला अजून वर्षही झाले नव्हते. ब्रिटन व इजिप्त यांचे राजनैतिक संबंध तुटलेले होते. अशा वेळी नासर यांना इस्रायलचे कायमचे अस्तित्व मान्य आहे काय, हा प्रश्न त्यांनी सरळ विचारला. शत्रू मानल्या गेलेल्या नेत्याला ब्रिटिश प्रेक्षकांनी आपल्या घरात बसून उत्तर देताना पाहिले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९५८ मध्ये, त्यांच्यासमोर पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन होते. परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड यांच्यावर त्या काळात कडक टीका होत होती. त्या टीकेबद्दल पंतप्रधानांना काय वाटते, असे डे यांनी विचारले आणि मॅकमिलन यांना आपल्या सहकाऱ्याची उघडपणे पाठराखण करावी लागली. असा प्रश्न पंतप्रधानांना विचारावा काय, यावर वृत्तपत्रांत वाद झाला. मॅकमिलन स्वतः मात्र दूरचित्रवाणीवर निष्णात झाले. डे यांच्या प्रश्नांनी राजकारण्यांना शिकविलेही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१९५९ मध्ये डे लिबरल पक्षातर्फे हेरफर्ड मतदारसंघातून उभे राहिले आणि पराभूत झाले. त्याच वर्षी ते बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात आले. १९६१ मधील आपल्या पुस्तकात त्यांनी मुलाखतकारासाठी आचारसंहिता मांडली. प्रश्न आधी कळवू नयेत, सत्तेपुढे दबू नये, अवघड विषय टाळू नये, ही त्यातील अपेक्षित कलमे होत. अधिक मोलाची कलमे निराळी आहेत. ज्याला कॅमेऱ्याची सवय नाही, त्याला आपल्या अनुभवाच्या जोरावर पेचात पकडू नये; उत्तर देण्याची न्याय्य संधी द्यावी; आणि आपण फिर्यादी पक्षाचे वकील नसून प्रेक्षकांच्या वतीने माहिती मिळविणारे पत्रकार आहोत, हे विसरू नये. बॅरिस्टराने स्वतःला घातलेली ही मर्यादा आहे. ती त्यांनी प्रत्येक वेळी पाळलीच, असे म्हणता येत नाही.

१९७९ पासून दहा वर्षे त्यांनी ‘क्वेश्चन टाइम’चे अध्यक्षपद सांभाळले. या कार्यक्रमात सामान्य श्रोतेच राजकारण्यांना प्रश्न विचारीत. १९८१ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ऑक्टोबर १९८२ मध्ये संरक्षणमंत्री जॉन नॉट यांची मुलाखत चालू होती. नॉट यांनी पुढील निवडणूक न लढविण्याचे जाहीर केले होते. आज असलेल्या आणि उद्या नसणाऱ्या राजकारण्यावर जनतेने का विश्वास ठेवावा, अशा अर्थाचा प्रश्न डे यांनी टाकला. नॉट यांनी ध्वनिक्षेपक काढून ठेवला आणि ते उठून गेले. प्रश्न खोचक होता, कदाचित अनुदारही. परंतु नॉट यांनी पुढे आपल्या आत्मचरित्राला त्याच शब्दांचे शीर्षक दिले.

उत्तरायुष्यात डे साशंक झाले होते. दूरचित्रवाणी हे भावनांना भिडणारे, परंतु विचाराला अपुरे पडणारे माध्यम आहे, हे त्यांनी अनेकदा लिहिले. १९८७ च्या निवडणुकीत मार्गारेट थॅचर यांची मुलाखत घेताना, हे पक्षाचे प्रचारभाषण नसून मुलाखत आहे, याची आठवण त्यांना करून द्यावी लागली. राजकारणी आता प्रश्न ऐकून घेत आणि आधीच ठरविलेले उत्तर देत.

संसदेचे कामकाज दूरचित्रवाणीवर दाखवावे, हा आग्रह त्यांनी १९६० च्या दशकापासून धरला होता. नोव्हेंबर १९८९ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये कॅमेरे आले. त्याच वर्षी डे यांनी ‘क्वेश्चन टाइम’ सोडला आणि आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे शीर्षक होते ‘ग्रँड इन्क्विझिटर’, म्हणजे धर्मन्यायालयाचा मुख्य चौकशी अधिकारी. मुलाखतकाराने ही भूमिका घेऊ नये, असे त्यांच्याच आचारसंहितेत म्हटले होते. ६ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. डॉर्सेटमधील एका खेड्याच्या चर्चच्या आवारात त्यांचा स्मृतिशिला-लेख आहे. त्यावरही हीच उपाधी कोरलेली आहे.