अण्णा भाऊ साठे

तुकाराम भाऊराव साठे ऊर्फ अण्णा भाऊ साठे (१ ऑगस्ट १९२० – १८ जुलै १९६९) हे मराठी कादंबरीकार, कथाकार, लोकनाट्यकार आणि शाहीर होते. गावकुसाबाहेरील माणूस, गिरणी कामगार आणि भटक्या जमाती यांना त्यांनी मराठी कादंबरीच्या नायकपदी आणले. 'फकिरा' (१९५९) ही त्यांची सर्वाधिक प्रसिद्ध कादंबरी होय. 'लोकशाहीर' आणि 'साहित्यरत्न' या बिरुदांनी ते ओळखले जातात.

बालपण व स्थलांतर

अण्णा भाऊंचा जन्म वाटेगाव (तालुका वाळवा, तेव्हाचा सातारा व आताचा सांगली जिल्हा) येथे मांग समाजातील कुटुंबात झाला. वडिलांचे नाव भाऊराव, आईचे वालबाई. ब्रिटिश सरकारच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा (१८७१) जाच या समाजाने पुढे अनेक दशके सोसला. जातिभेदाच्या वागणुकीमुळे त्यांचे शालेय शिक्षण सुरू होताच संपले. दुष्काळ आणि दारिद्र्य यांमुळे १९३०च्या दशकाच्या आरंभी साठे कुटुंब पायी मुंबईस निघाले. मुंबईत त्यांनी हमाली, फेरीवाल्याचे काम, गिरणीतील नोकरी अशी मिळतील ती कामे केली. दुकानांवरच्या पाट्या आणि भिंतींवरची पत्रके वाचत ते अक्षरओळख शिकले. कामगार चळवळीच्या संपर्कातून ते कम्युनिस्ट पक्षाकडे वळले. १९४२च्या आंदोलनात त्यांचा सहभाग होता.

शाहिरी व लोकनाट्य

१९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यापूर्वीच त्यांचा स्टालिनग्राडवरील पोवाडा कामगार वस्त्यांत लोकप्रिय झाला होता. तमाशाच्या परंपरागत बांधणीत त्यांनी मोठा बदल केला. आरंभीच्या गणातील देवस्तुतीच्या जागी मातृभूमी, हुतात्मे आणि श्रमिक यांना वंदन आले. गवळण वगळली गेली आणि वगात सावकार, काळाबाजारवाले व निवडणुकीतील उमेदवार उभे राहिले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे' आणि 'शेटजींचे इलेक्शन' ही त्यांची गाजलेली लोकनाट्ये. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड घरोघरी पोहोचली. गावी राहिलेल्या पत्नीचा विरह आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाचे दुःख त्यांनी तिच्यात एकत्र गुंफले.

कादंबरीलेखन

अण्णा भाऊंच्या नावावर सुमारे ३५ कादंबऱ्या असून अनेक कथासंग्रहही आहेत. 'फकिरा'चा नायक त्यांच्या नात्यातील एका ऐतिहासिक पुरुषावर बेतलेला आहे. फकिराचा पिता राणोजी गावाच्या मानाची जोगणी आणताना मारला जातो. पुढे दुष्काळात उपाशी वस्ती जगवण्यासाठी फकिरा धान्य आणि सरकारी खजिना लुटतो. अखेरीस आपल्या माणसांना ओलीस धरल्याचे कळताच तो स्वतः शरण जातो. सरकारदप्तरी जो दरोडेखोर, तो या कादंबरीत वस्तीचा रक्षक ठरतो. हजेरीमुळे माणसाला गाव सोडून कामावर जाता येत नाही आणि त्यातून उपासमार कशी ओढवते, हे कायद्याचे वास्तव कथेच्या ओघातच उलगडते. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्याने लावलेला कलंक कायम होता. स्वातंत्र्यानंतर एका तपाने लिहिलेल्या या कादंबरीचे महत्त्व त्यामुळे केवळ ऐतिहासिक नाही. ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केलेली असून तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

'वैजयंता'त तमाशा कलावंतिणीचे, 'माकडीचा माळ'मध्ये भटक्या जमातींचे, तर 'चित्रा'मध्ये मुंबईतील देहविक्रयात ओढल्या गेलेल्या स्त्रीचे जीवन आहे. 'स्मशानातील सोनं' या कथेत खाणीचे काम सुटलेला भीमा प्रेतांच्या राखेत सोने शोधू लागतो. बेकारीचा शेवट कोठे होऊ शकतो, हे ही कथा भाष्य न करता दाखवते.

कला आणि वास्तव

जीवनाच्या सत्याचा आधार नसेल तर प्रतिभा निष्फळ ठरते, अशी अण्णा भाऊंची भूमिका होती. तथापि त्यांचे वास्तव केवळ नोंदीपुरते नाही. पोवाड्यातील वीरनायक, उत्कंठावर्धक कथानक आणि वारणाकाठची बोली यांचा त्यांनी मुक्त वापर केला. त्यामुळे त्यांच्या लेखनावर अतिरंजिततेचा आक्षेप घेतला गेला आणि प्रस्थापित समीक्षेने त्यांची दखल दीर्घकाळ अपुरी घेतली. दुसऱ्या बाजूने असे म्हणता येते की, ज्यांची नोंद केवळ पोलीस दप्तरात होती, त्यांना वीरनायक करणे हीच या लेखनाची कलात्मक व सामाजिक निवड होती. मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे (१९५८) उद्घाटन त्यांनी केले. जगाचा भार कष्टकरी आणि दलित पेलतात, हा विचार त्यांनी तेथे मांडला. पुढील दलित साहित्याचे ते पूर्वसूरी मानले जातात.

अखेरचा काळ व स्मरण

१९६१ मध्ये त्यांनी सोव्हिएत रशियाचा प्रवास केला आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे प्रवासवर्णन लिहिले. त्यांच्या अनेक कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. तरीही त्यांचे दारिद्र्य संपले नाही. त्यांचे बरेचसे लेखन घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत झाले. गोरेगाव येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते.

१९८५ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या नावे विकास महामंडळ स्थापन केले. २००२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. २०२२ मध्ये मॉस्को येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पिंपरी-चिंचवडच्या कामगारनगरीत निगडी येथे त्यांचा पुतळा असून त्यांच्या जयंतीला तेथे प्रबोधनपर कार्यक्रम होतात.